वर्षा मला काकू म्हणाली

९ डिसेंबर २०२५, मंगळवार

आज वर्षाचा फोन आला. विश्वेशचा नव्हे, वर्षाचा. सुनेनं आपण होऊन सासूला फोन करावा, असं आमच्याकडे फारसं होत नाही. मी हिंदीच्या शिकवणीत होते. 'ने' कधी लावायचं आणि कधी नाही, यावरून पोरं डोकं खात होती, म्हणून आधी उचललाच नाही. परत वाजला तेव्हा पोरांना उतारा लिहायला बसवलं आणि मागच्या दारी गेले.

तिच्या वडिलांची सत्तरी आहे. भावानं सगळ्यांना चेन्नईहून बोटीवर न्यायचं ठरवलंय, नाताळच्या सुट्टीत. बोट एक दिवस पाँडिचेरीला थांबणार. "वाणीला तुम्हाला भेटवावं असं वाटतं. तुम्ही आणि काका येऊ शकाल का, काकू? घाई नाही, विचार करून सांगा."

काकू म्हणाली मला. इतकी वर्षं विश्वेशचं ऐकून अम्मा म्हणायची. आमच्या घरात काकू म्हणजे धाकट्या दिराची बायको, ओरत्तनाडूची वासुकी. विश्वेश तिला काकू म्हणतो. मी वर्षाची काकू कशी होणार? तिच्या नाशिकच्या लोकांना नाती कळत नाहीत म्हणावं, तर लग्नात मानपानाच्या याद्या घेऊन हीच मंडळी आली होती. आणि नवी नवरी असताना वर्षा आमच्या तंजावूरच्या बोलण्याला हसलीही होती, 'तुमचं मराठी म्हणजे अगदी शिवाजी महाराजांच्या काळातलं.' तेव्हाच्या लोकांना निदान सासू कोण आणि काकू कोण हे माहीत असेल.

आणि हे काय येणं झालं? अमेरिकेहून नातीला घेऊन चेन्नईपर्यंत यायचं, समुद्रात तरंगायचं, पण तंजावूरकडे पाय वळवायचा नाही. आम्ही जाऊन किनाऱ्यावर उभं राहायचं, मंत्री येणार असल्यासारखं.

सीतारामरावांना सांगितलं. (नवऱ्याचं नाव तोंडानं कधी घेतलं नाही, वहीत लिहिते. माझं देवनागरी अक्षर त्यांना लागत नाही. बँकेच्या सोलापूरच्या शाखेत त्यांची बदली झाली होती तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरते शिकले, तेवढंच.) त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "काकू म्हणाली? नक्की काकू म्हणाली?"

"मग काय, कान फुटलेत माझे?"

"सोलापूरला मला सगळे काका म्हणायचे," ते म्हणाले. "शेजारचे, दूधवाला, घरमालकाची मुलं."

मग मी काय करू, म्हटलं. पेल्यातली कापी तशीच निवत ठेवून ते बाहेर गेले. वय झालं की माणूस कुठल्या गोष्टीवरून कुठं जाईल सांगता येत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

विश्वेशला फोन लावला. बोटीचं विचारलं तर आधी म्हणाला, "कुठली बोट?" मग, "हो, ती होय." मला सुट्टी नाही, म्हणाला. मी म्हटलं, बायको-मुलगी समुद्रात सोडून तू काय करणार आहेस घरात? तर म्हणाला, "बघतो, अम्मा." वर आणि, "तुम्ही कशाला एवढ्या लांब जाताय? दमाल." वाणीला दे म्हटलं तर झोपलीय म्हणाला. आठवत नाही एवढ्या रविवारी ती पोर झोपलेलीच असते.

आम्ही जाऊ नये हे वर्षाचंच सांगणं असणार. एकीकडून बोलवायचं आणि दुसरीकडून नवऱ्याच्या तोंडून नको म्हणवायचं. पण 'बघतो' म्हणालाय म्हणजे येणार. लहानपणी परीक्षेचा निकाल खिशात असायचा आणि तोंडानं बघतो, बघतो करायचा. मला चकित करायचं असेल.

माझा फोन झाल्यावर सीतारामराव आपला फोन घेऊन गच्चीवर गेले. खाली आले तेव्हा डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाले, शेजारी पालापाचोळा जाळतायत. मला कुठं धूर आला नाही. जायचंच आहे आपण, एवढं मात्र ठामपणे म्हणाले. गुडघ्याचं कारण सांगतील असं वाटलं होतं.

२२ डिसेंबर, सोमवार

दिवसभर चुलीपुढे. विश्वेशला मुरुक्कु तळले, डांगराचं पीठ दळून आणलं, लिंबाचं लोणचं भरलं. तिकडे डांगर पचडी मिळत नाही म्हणून दर वेळी रडतो. सणाला नेसायला जरीकाठाची वेष्टीही घेतली त्याच्यासाठी. सगळं एका पिशवीत नीट बसवलं. वाणीला हिरवी पट्टुपावडै घेतली, रेशमी परकर आणि पोलकं, वासुकीच्या नातीच्या मापावरून. त्या पोरीला उभी करून मोजली.

"वर्षाला एक साडी घे," सीतारामराव म्हणाले.

"काकूकडून?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. आपणच स्कूटरवर बसून गेले आणि सुती साडी घेऊन आले, निळी. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्यासाठी कधी एकट्यानं जाऊन साडी आणली नाही.

२८ डिसेंबर, रविवार

काल परत आलो तेव्हा लिहायचं त्राण नव्हतं. आज लिहिते.

भाड्याची गाडी केली होती. मार्गळी महिना, पहाटे निघालो तेव्हा कुंभकोणमपर्यंत दारोदार बायका तांदळाच्या पिठाचे कोलम घालत होत्या. सीतारामराव वाटेत म्हणाले, वैदीश्वरन कोविलला, दुखणी बरी करणाऱ्या देवाकडे, उतरू, एक अर्चना करू. मी म्हटलं, तुमच्या गुडघ्यासाठी परत कधीतरी येऊ, उशीर होईल. तर म्हणाले, गुडघ्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. उतरलो. वाणीच्या नावानं केली, वर्षाच्याही नावानं केली. मी विश्वेशचं नाव जोडलं.

बोट किनाऱ्याला लागतच नाही. ती दूर समुद्रात उभी, लहान होड्यांतून माणसं आणतात. आम्ही जुन्या दीपस्तंभापाशी थांबलो. मागे गल्ल्यांत फ्रेंचांची पिवळी घरं, प्रत्येक भिंतीपुढे कुणीतरी फोटो काढून घेतंय. मी येणाऱ्या माणसांत विश्वेशचं टक्कल शोधत होते. वर्षा आणि वाणी, दोघीच आल्या.

"विश्वेश कुठे?" मी पहिलं तेच विचारलं.

वर्षानं माझ्याकडे पाहिलं, मग सीतारामरावांकडे. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, कानाशी डास आल्यासारखी.

"त्याला सुट्टी नाही मिळाली, काकू," ती म्हणाली.

परत काकू. लागलं, पण बोलले नाही. नमस्काराला वाकली तेव्हा गळा मोकळा दिसला. मंगळसूत्र ती अमेरिकेत कधी घालतच नाही, फोटोतही नसतं, म्हणून तेही बोलले नाही. मुलगा येणार म्हणून पहाटेपासून डोळे लावून बसले होते, तो आला नाही. मग बाकी सगळं टोचायला लागतं.

वाणी केवढी उंच झालीय. समोरचे दात नवे आलेत, मोठे मोठे. आईच्या मागे उभी राहून बघत होती. कुठल्या इयत्तेत आहेस विचारलं तर आईकडे पाहिलं आणि इंग्रजीत उत्तर दिलं. काय करणार, मुलाला भाषा आईकडून येते आणि आईला वेळ नाही. पावडै मात्र तिला बरोबर बसली. जेवायला गेलो त्या हॉटेलात बायकांच्या खोलीत जाऊन घालून आली आणि टेबलांच्या मधे गर्रकन फिरली. अगदी आमच्या घरची पोर दिसत होती.

जेवताना दहीभात खाल्ला, मीठ मागून घेतलं. मग इंग्रजीत सांगायला लागली, डॅडीच्या घरी मांजर आहे, आमच्या घरी नाही, आमच्या इमारतीत ठेवू देत नाहीत. मला इंग्रजी चांगलं कळतं, पण हे कळलं नाही. मी म्हटलं, "अगं, मांजर आहे की नाही, एक काय ते सांग." वर्षा पाणी प्यायली. सीतारामराव एकदम उठून म्हणाले, "चल वाणी, तुला समुद्र दाखवतो." पोर समुद्रातूनच आली होती, हे त्यांच्या ध्यानात नसावं.

दोघं गेल्यावर वर्षा म्हणाली, "तुम्ही आलात हेच खूप आहे. याल असं वाटलं नव्हतं."

"नातीला भेटायला कोण येत नाही?"

"तसं सगळीकडे नसतं, काकू."

काय नसतं, मी विचारलं नाही. सीतारामराव वाणीला आइस्क्रीम घेऊन परतले. त्यांनी साडी दिली तर वर्षा रडली. साध्या सुती साडीला रडण्यासारखं काय होतं? मग ते ड्रायव्हरला शोधायला गेले. वाणी आमच्याजवळच उभी होती, आइस्क्रीम खात. वर्षा म्हणाली, "काकू, एक विचारायचं होतं. तुमची हरकत नसेल तर वाणी दर रविवारी तुम्हाला फोन करील. तिला आवडेल. मी लावून देईन."

हरकत नसेल तर, म्हणे. नातीनं आजीला फोन करायला परवानगीची भाषा. माझं डोकंच फिरलं. सकाळपासून जे गिळलं होतं ते सगळं वर आलं. मी म्हटलं, "आम्हाला फोन करायला विश्वेश आहे. तो लावील तेव्हा बोलेल. वेगळे फोन कशाला? दर रविवारी कोण बसून राहील? आणि पोरीला येतं काय बोलायला? हाय आजी, बाय आजी. त्यापेक्षा नकोच मला."

वाणीला मराठी कळत नाही, म्हणून मोकळेपणानं बोलले.

वर्षानं वाणीच्या खांद्यावर हात ठेवला. मग "बरं," म्हणाली. मी पिशवी तिच्या हातात दिली, ही विश्वेशच्याच हातात दे, फ्रिजमध्ये टाकून विसरू नकोस. तिनं दोन्ही हातांनी धरली. "देईन," म्हणाली.

निघताना वाणीला जवळ घेतलं तर अंग आखडून उभी राहिली. हात आइस्क्रीमचे होते, पावडै खराब होईल म्हणून असेल.

गाडीत सीतारामरावांनी विचारलं, काय बोलणं झालं? मी सांगितलं, चांगलं सुनावलं म्हणून. त्यांनी चिदंबरम येईपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "सरोजा, नको म्हणायला नको होतंस."

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

पाँडिचेरीचे फोटो वर्षानं पाठवले. वाणी पावडै धरून उभी आहे, मागे पिवळी भिंत. माझ्याबरोबरचा एकच आहे आणि त्यात मी रागावलेली दिसते. वासुकीला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, नात अगदी तुझ्यावर गेलीय, ओठ दाबून उभी आहे.

विश्वेशचा नव्या वर्षाचा फोन नाही. फक्त फुलांचं चित्र आलं.

११ जानेवारी, रविवार

विश्वेशचा फोन. शुभेच्छा नाहीत, काही नाही. "अम्मा, वर्षाकडे पिशवी कशाला दिलीस?"

"मग कुणाकडे देऊ?"

"ती माझ्या दारात ठेवून गेली. मी नव्हतो. दोन दिवस बर्फात पडून होती."

"कुणाच्या दारात?"

मी परत विचारलं, कुणाच्या दारात. तेव्हा सांगितलं. गेल्या मार्चमध्येच झालं सगळं, कोर्टात. वर्षा आणि वाणी वेगळ्या घरात राहतात, त्याच गावात. वाणी एक आड एक शनिवार-रविवार त्याच्याकडे असते. सांगणार होतो, म्हणाला. कसं सांगावं कळेना, म्हणाला. झोपलीय, झोपलीय म्हणून मला जी पोर सांगत होता, ती निम्म्या रविवारी त्याच्या घरातच नव्हती.

कुणाची चूक, मी विचारलं. कुणाचीच नाही, म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "माझी जास्त, अम्मा." मग म्हणाला, "अप्पांना मी डिसेंबरातच सांगितलंय."

फोन ठेवला. सीतारामराव समोरच बसले होते. मी आत जाऊन देवापुढे बसले, पण हात जोडवेनात.

१२ जानेवारी, सोमवार

आज शिकवणी घेतली नाही. पोरांना बरं नाही म्हणून परत पाठवलं, आणि ते खोटं नव्हतं.

सकाळी बोलले त्यांच्याशी. जे तोंडाला आलं ते बोलले. तुम्हाला माहीत होतं आणि मला तिथं तसं बोलू दिलंत. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काकू म्हणाली म्हटलंस तेव्हाच मला शंका आली. तुला तिथं सांगितलं असतं, तर तू दिवसभर रडली असतीस. पोरीला बघितलं नसतंस. एक दिवस तरी तुला नीट मिळावा, असं वाटलं गं."

नीट मिळाला. त्या नीट दिवसात मी काय केलं ते मलाच माहीत.

आता कळतंय मला काकू म्हणजे काय ते. तिच्या गावात कुणाही बाईला मान देऊन काकू म्हणतात, जिच्याशी नातं नाही अशा बाईला. अम्मा म्हणायचा हक्क राहिला नाही असं तिला वाटलं असेल, आणि नुसतं अहो-जाहो करणं जिवावर आलं असेल. आणि मी वासुकीचं नाव घेऊन हसत बसले. तिचं आमच्याशी काही देणं-घेणं उरलं नव्हतं. वडिलांची सत्तरी सोडून, अख्ख्या घराला बोटीवर ठेवून ती होडीत बसून आली, पोरीला तिची आजी दाखवायला. हरकत नसेल तर, म्हणाली. खरंच विचारत होती ती. मी सासू होऊन उत्तर दिलं.

पिशवीही मुकाट्यानं नेली, त्याच्या दारापर्यंत. त्या पिशवीत तिच्यासाठी काही नव्हतं.

मला फार रडू येतंय. विश्वेशसाठी येतंय असं वाटलं होतं, पण नाही, वर्षासाठी येतंय. आता येतंय.

१६ जानेवारी, शुक्रवार

पोंगल झालं. सीतारामरावांनी दूध उतू जाताना "पोंगलो पोंगल" म्हटलं, एकट्यानंच. वासुकीचा ओरत्तनाडूहून ऊस आला, तो तसाच दाराशी उभा आहे.

फोन हातात घेते आणि ठेवते. मला माहीत नव्हतं, असं सांगायचं. खरंच माहीत नव्हतं. पण माहीत असतं तर गोड बोलले असते, म्हणजे काय ते? सून समजून मी तिला जे बोलले, ते कुणाही बाईला बोलू नये. सीतारामराव म्हणतात, एवढा विचार करू नकोस, लाव. रविवारी लावते. तिनं रविवारच म्हटलं होतं.

१८ जानेवारी, रविवार

लावला. सीतारामराव शेजारी खुर्ची ओढून बसले.

"काकू?" वर्षा म्हणाली. तिला आश्चर्य वाटलं असावं.

मी सांगितलं, आम्हाला, म्हणजे मला, माहीत नव्हतं. विश्वेशनं सांगितलं नव्हतं. पाँडिचेरीला मी जे बोलले ते चुकलं माझं. एका दमात बोलले, शिकवणीतली पोरं पाठ केलेलं म्हणतात तशी. ती म्हणाली, "मला काकांनी खूण केली तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही." ती नाक पुसत होती ते ऐकू येत होतं. चांगली मुलगी आहे. इतक्या वर्षांत मी तिच्याशी असं एकदाही बोलले नव्हते.

"वाणी आहे का गं?" मी विचारलं.

"आहे ना. थांबा, देते."

फोन हातात घेऊनच ती आत गेली असावी, कारण सगळं ऐकू येत होतं. "वाणी, आजीचा फोन आहे. ये."

पोरीचा आवाज आला. इंग्रजी नव्हतं. स्वच्छ मराठी, आईसारखं, एकेक अक्षर सुटं. "त्यांना नको आहेत ना माझे फोन? सांग त्यांना, मी घरी नाहीये."

वर्षा हळू आवाजात तिला काहीतरी समजावत होती. दार लागल्याचा आवाज आला. मग वर्षा फोनवर आली, "काकू, ती जरा…"

"नाहीये ना घरी? असू दे," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी करते. त्याच्या पुढच्याही करीन."

"करा," ती म्हणाली.

सीतारामरावांना अलीकडे नीट ऐकू येत नाही. बोलली का वाणी, त्यांनी विचारलं. म्हटलं, बोलली, मराठी छान येतं तिला.